मांजरपाट

कायतान मास्तर सांगायचे तेव्हा तोंडात टाचण्या असायच्या,
म्हणून फॉस्काबाईचं आयुष्य
मला दातांच्या फटीतूनच कळलं,
अर्धंमुर्धं, शाळेच्या युनिफॉर्मच्या हंगामात,
वेंगुर्ल्याच्या दाभोली नाक्यावर, दहा बाय आठच्या दुकानात.

ती किओज्जाची. इटलीतलं वेंगुर्लं समज, म्हणायचे.
बाप जाळी विणायचा, आई फाटकी सांधायची,
ही सात वर्षांची पोर दोघांना दोरा भरून द्यायची.
न सुटणारी गाठ तेवढी शिकली
आणि रोमला गेली, थोरल्या बहिणीचे बूट घालून.
बूट मापाचे नव्हते.
माप म्हणजे काय ते तिला पायांनी कळलं.

बारा वर्षं दुसऱ्यांच्या नावाच्या झग्यांना अस्तरं लावली.
मग स्वतःची पाटी: तीन मशिनं, उधारीचा आरसा,
पहिलं गिऱ्हाईक एक विधवा, जिला काळा नको होता.
पुढे राजघराण्यातल्या बायका तीन जिने चढून यायच्या.
लिफ्ट होती. पण फॉस्का म्हणायची, चढू द्या,
दमलेलं अंग खोटं उभं राहत नाही.
मग पट्टी काढायची.

मास्तर तिच्याकडे पोचले बोटीवरून उतरून.
जिनोआत कंपनी बुडाली, खलाशांचा पगार बुडाला,
हाताशी उरली ती बापाकडून शिकलेली उभादांड्याची शिलाई.
तिने चिंधी पुढे केली: काज कर.
केलेलं काज उलटून मागून बघितलं
आणि एकतीस वर्षं ठेवून घेतलं.

'भायर सगळेच बगतत गो,' मास्तर मला म्हणायचे,
'तू भितर बग.'

रेशमाला कात्री लावण्याआधी
ती अख्खा झगा मांजरपाटात कापायची.
चुका स्वस्तात करून घ्याव्यात.
एकदा विचारलं, तुझ्या गावचा समुद्र पहाटे कुठल्या रंगाचा?
मास्तरांना तिच्या भाषेत शब्द सापडेना.
दुसऱ्या दिवशी तिला मासळीबाजारात नेलं,
मुडदुशासारखा दिसणारा एक मासा
उताणा करून दाखवला.
त्या हिवाळ्यात उरेब कापलेला एक लांब झगा निघाला,
एकही शिवण सरळ नाही.
पेपरांनी लिहिलं, मोत्याचा रंग.
मासा कुणी लिहिला नाही. मास्तरांचं नाव तर नाहीच.
वाईट वाटलं का, मी विचारलं होतं.
टाचण्या काढून हसले,
परत तोंडात ठेवल्या.

सत्त्याहत्तराव्या वर्षी फॉस्का गेली.
भाच्याने नाव अत्तरवाल्यांना विकलं,
आता ती विमानतळावर बाटलीत मिळते.
मास्तर गावी आले. पेटीत त्या झग्याचा मांजरपाट,
अकरा तुकडे, धावदोऱ्याच्या खुणांसकट.

गेल्या फेब्रुवारीत मास्तर गेले.
सातव्या दिवसाच्या मिसानंतर
आंजेलीनमावशीने जेवायला थांबवलं.
हाताखाली काही लागेल म्हणून मी चुलीपाशी गेले.
ती नारळाचा रस गाळत होती
एका पिवळट फडक्यातून,
आणि फडक्यावर निळ्या दोऱ्याचा एक धावदोरा
तिरका चालला होता.
टाचण्यांची भोकं.
डावी बाही.

'पेटयेत होता,' ती म्हणाली, 'बरा गाळता.'

मी काही बोलले नाही.
सोलकढी प्यायले, दोन वाट्या.
खरंच, चोथ्याचा कण नव्हता.

आता जून आला. एकशे चाळीस युनिफॉर्म.
खिशाची आतली शिवण मी हाताने घालते,
जिथे गोट्या जातील, चिंचोके, ओली बोटं.
वेळ मोडतो. पैसे तेवढेच.
काल बंदरावरच्या एका पोराने
दुकानासमोर उभं राहून खिसा पुरता उलटा काढला,
वाळू झटकायला.